तात्पुरता, कायमचा

“तात्पुरता?” मेक्सिकोच्या वकिलातीत व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“तात्पुरता,” मर्ल म्हणाला.

“दोघांचाही?”

“दोघांचाही. सगळं लिहिलंय त्यात.”

बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर बेल्त्रान असं नाव होतं. पस्तिशीच्या असतील. त्यांनी मर्लचा अर्ज उलटा करून पाहिला, मागे लावलेली त्याच्या रेल्वेच्या पेन्शनची पत्रं एकेक करून चाळली आणि पुन्हा पहिल्या पानावर आल्या. मी एकतीस वर्षं आमच्या काउंटीच्या वाहन परवान्याच्या खिडकीत काढली आहेत. सगळे कागद बरोबर असताना खिडकीतली बाई पुन्हा पहिल्या पानावर आली, म्हणजे तिला काहीतरी सांगायचं असतं आणि ते सांगणं तिच्या कामात बसत नसतं. आता ही खाली बघून पुढचा प्रश्न विचारणार, असं मी मनात म्हटलं.

“तुमची पेन्शन कायमच्या रहिवासालाही पुरते, मिस्टर कुचेरा,” त्या खाली बघून म्हणाल्या. “मग तात्पुरता का मागताय?”

“पिकअपसाठी,” मर्ल म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला. मग पुढे म्हणाला, “कायमचा घेतला तर इकडच्या नंबरची गाडी तिकडे ठेवता येत नाही. तात्पुरत्यावर चालते. बरोबर ना?”

“बरोबर.”

“मग झालं तर.”

झालं तर, असं म्हणून त्याने काउंटरवर बोटांनी दोनदा टकटक केलं. डिझेल शॉपमध्ये इंजिन दुरुस्त झालं की तो त्याच्या पोलादी अंगावर असंच टकटक करायचा म्हणे. चाळीस वर्षं त्याने रेल्वेची इंजिनं दुरुस्त केली. तिथला धूर आणि वर स्वतःच्या सिगारेटी, दोघांनी मिळून त्याची फुफ्फुसं खाल्ली. आता नाकात नळी आणि हातात चाकांचा छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर. नेब्रास्कातला हिवाळा त्याच्या छातीवर बसतो तो एप्रिलपर्यंत उठत नाही. डॉक्टर म्हणाले होते की समुद्राच्या पातळीवरचं, उबदार गाव बघा. अशी गावं अमेरिकेतही आहेत, पण तिथली घरभाडी आमच्या पेन्शनीत बसत नाहीत. आणि घरात मदतीला बाई ठेवायची म्हटली, तर इकडे आठवड्याच्या आतच आम्ही हात टेकले असते.

म्हणून मेक्सिको, म्हणून मासातलान. मर्लचा शॉपमधला दोस्त लायल तिकडे सहा वर्षं राहतोय. रोज सकाळी तो आणि त्याच्यासारखे आठ-दहा निवृत्त म्हातारे समुद्रासमोर एका पत्र्याच्या शेडखाली कॉफी पितात आणि येणाऱ्या प्रत्येकाचा व्हिसा ठरवतात. त्यांच्यातल्या एकानेही कायदा वाचलेला नाही, पण प्रत्येकाने आपापली गाडी नेलेली आहे. लायलने मर्लला फोनवर सांगितलं, “तात्पुरता घे. कायमच्याच्या फंदात पडू नकोस, पिकअप गमावून बसशील.” मर्लने ते ऐकलं आणि त्या रात्री जेवताना मला सांगितलं की व्हिसाचं ठरलं. मी बटाटे वाढत होते. मी बरं म्हटलं.

मिस बेल्त्राननी पेन उचललं, पण लिहिलं काही नाही. “मी एकदा दोन्ही सांगते,” त्या म्हणाल्या. “सांगायला पाहिजे म्हणून सांगते, नियम आहे.”

तसा नियम बियम काही नसतो. मीही माझ्या खिडकीत हेच म्हणायचे.

“तात्पुरता म्हणजे चार वर्षं. मध्ये नूतनीकरण. चार वर्षं पुरी झाली की दोघांना कायमचा मिळतो. पण यात मुख्य अर्जदार तुम्ही. मिसेस कुचेरा तुमच्या नावावर येणार. त्यांची स्वतःची पेन्शन आमच्या रकमेच्या खाली आहे. म्हणजे चार वर्षं त्यांचं कार्ड तुमच्या कार्डाला बांधलेलं.”

“ती मला बेचाळीस वर्षं बांधलेलीच आहे,” मर्ल म्हणाला. “अजून चारांनी काय फरक पडतो?”

मिस बेल्त्रान हसल्या. हसायचं तेवढंच हसल्या. “कायमचा घेतलात तर तुम्हाला तो लगेच मिळतो. त्यांना आधी दोन वर्षांचा मिळतो, आणि दोन वर्षं झाली की त्यांचा स्वतःचा. त्यानंतर त्यांचं कार्ड कुणाला बांधलेलं राहत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “दोन वर्षं आणि चार वर्षं. मध्येच काही बदललं, तर फरक पडतो.”

काही बदललं तर. आमच्या ऑफिसात आम्ही ‘परिस्थिती बदलल्यास’ असं म्हणायचो. त्यांची नजर त्याच्या नाकातल्या नळीवर क्षणभरच गेली आणि लगेच कागदावर आली. मला त्या बाईबद्दल एकदम माया वाटली आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं.

मी मर्लकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या मागे खुर्च्यांवर वीस-पंचवीस माणसं आपापले नंबर धरून बसली होती.

“काही बदलणार नाही,” मर्ल म्हणाला.

“ठीक आहे. मग मी हाच अर्ज पुढे पाठवते. जेवणाच्या सुट्टीनंतर बोटांचे ठसे. बदलायचा असलाच तर एक वाजेपर्यंत सांगा. एकला ही खिडकी बंद होते. मग पुढची भेटीची वेळ सात आठवड्यांनंतरची आहे.”

सात आठवड्यांनंतर आमचं घर आमचं नसणार होतं. ते एका तरुण नवरा-बायकोला विकलं होतं आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. भिंतींना कुठला रंग द्यायचा ते त्या मुलीने माझ्यासमोरच, माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून ठरवलं होतं.

आम्ही बाहेर आलो. पार्किंगपर्यंत पन्नास पावलं असतील, मर्ल दोनदा थांबला. थांबल्यावर तो नेहमी काहीतरी बघत असल्याचं दाखवतो. एकदा त्याने एका गाडीचा टायर बघितला, एकदा आकाश.

पिकअप पांढरी, एकोणीस वर्षांची. मागे त्याने स्वतः वेल्डिंग करून हत्यारांच्या पेट्या बसवल्या आहेत. दोन वर्षांत त्यातला एकही पाना बाहेर निघालेला नाही. पण संध्याकाळी तो गाडीत जाऊन बसतो, हीटर लावतो आणि रेडिओवर धान्याचे भाव ऐकतो. आमच्याकडे विकायला एक दाणा नाही. मी खिडकीतून बघते तर दिव्याच्या उजेडात त्याची टोपी दिसते. घरात तो आजारी असतो, पिकअपमध्ये नसतो, एवढंच मला कळतं.

मी डब्यातून कोलाचे काढले, आमच्याकडचे सारण भरलेले गोड पाव. खसखशीचे त्याला, जर्दाळूचे मला. थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून दिली. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“बोल की काय ते,” मर्ल म्हणाला.

“काही नाही.”

“तुझं ‘काही नाही’ मी ओळखतो, आर्डी. ह्या ‘काही नाही’त जेवण तीन दिवस थंड मिळतं.”

“खा गपचूप. खसखस पडतेय सीटवर.”

“पडू दे. माझी सीट आहे.”

“तेच तर,” मी म्हणाले. “तुझी सीट, तुझी गाडी, तुझी पेन्शन आणि तुझाच व्हिसा. मी आपली मागच्या पेटीत. तुझ्या पान्यांबरोबर.”

मी एवढं कधी बोलत नाही. खिडकीत बसून बसून मला सवय झाली आहे, समोरच्याला बोलू द्यायचं आणि शिक्का मारायचा.

“तू ऐकलंस ना ती बाई काय म्हणाली?” मी म्हणाले.

“ऐकलं.”

“दोन वर्षं आणि चार वर्षं.”

“मला मोजता येतं.”

“मग?”

त्याने झाकणातली कॉफी संपवली आणि झाकण फडक्याने पुसलं, हत्यार पुसावं तसं, आतून, बाहेरून. “मी डॉक्टरला विचारलं होतं,” तो म्हणाला. “मार्चमध्ये. तू औषधं घ्यायला खाली गेली होतीस तेव्हा.”

“काय विचारलंस?”

“किती.”

बेचाळीस वर्षांत आम्ही सगळं एकमेकांना सांगितलं असं नाही, पण हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही हे आमचं न बोलता ठरलेलं होतं. आणि हा माणूस तो विचारून बसला होता. मार्चमध्ये. आणि ऑगस्टपर्यंत माझ्यासमोर बसून बटाटे खात होता.

“मग काय म्हणाले?”

“चार नाही म्हणाले.”

समोरून एक बाई ढकलगाडीतलं बाळ घेऊन गेली. ती रस्त्याच्या पलीकडे पोचेपर्यंत मी बघत राहिले. मला रडू आलं नाही. आधी आला तो राग.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले. “चार होणार नाहीत हे माहीत असून तू चारच्या चौकोनावर खूण केलीस. ह्या पत्र्याच्या डब्यासाठी! तू गेल्यावर माझं काय होणार? कार्ड रद्द. त्या वयात, एकटीने, तिथली भाषा येत नसताना, सामान उचलून चालतं व्हायचं मी?”

“आर्डी—”

“नाही, थांब. मी ह्या पिकअपसाठी काय केलंय ते तुला माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी तू माझ्याच खिडकीत परवान्यासाठी आला होतास. डाव्या डोळ्याने तुला तपासणीच्या तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी दिसल्या नव्हत्या. मी तुला पास केलं. एकतीस वर्षांत मी फक्त एकाच माणसाला खोटं पास केलं.”

“माहीत आहे,” मर्ल म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“दिसल्या नव्हत्या ते. मी अंदाजाने सांगितलं. तू मान हलवलीस. मी म्हटलं, बायको म्हणून फायदा झाला एकदाचा.”

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. मर्लला पास केलं त्याच आठवड्यात मी व्हॅक्लाव हायेकचा परवाना काढून घेतला होता, त्यालाही ओळी दिसल्या नाहीत म्हणून. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. तो बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसला आणि मुलगी न्यायला येईपर्यंत दोन तास तसाच बसून राहिला. मला आतून दिसत होतं. त्या दिवसापासून हायेकच्या घरातलं कुणी चर्चमध्ये माझ्या बाकावर बसलं नाही. अशी आमच्या गावात पंधरा-वीस घरं आहेत. दुकानात माझ्यासमोर मटाराचा डबा उचलतात आणि दुसऱ्या रांगेत जातात. नियमाप्रमाणेच वागले मी, पण नियमाचं तोंड शेवटी माझंच होतं ना.

“पिकअपसाठी नाही केलं मी ते तात्पुरत्याचं,” मर्ल म्हणाला. त्याला धाप लागली होती. त्याने सिलिंडरचं बटण एक घर पुढे सरकवलं. “म्हणजे, पिकअपसाठी केलं. खोटं कशाला बोलू. पण नुसतं तेवढ्यासाठी नाही.”

“मग?”

“तुला तिकडे अडकवायचं नव्हतं. कायमचा म्हणजे कायमचा. मी गेल्यावर तू तिकडे काय करणार? तात्पुरता असला म्हणजे आपोआप संपेल. तू नीटाकडे येशील. मी बोललोय तिच्याशी.”

नीटा माझी धाकटी बहीण, आमच्यापासून दोन तासांवर राहते. तिचं माझं बरं आहे, दूर आहोत म्हणून बरं आहे.

“काय बोललायस?”

“तळघराचं. तिने रंग दिलाय. खाली छोटं न्हाणीघरही करून घेतेय.”

मला एकदम ते फोन आठवले. जुलैभर नीटा मला रंगांची नावं विचारत होती. फिकट पिवळा बरा की पिस्ता. मी तिला पिस्ता सांगितला. माझ्याच खोलीचा रंग मला विचारत होती ती, आणि मी मूर्खासारखी मनापासून सांगत होते.

“तुम्ही दोघांनी मिळून माझी सोय लावून टाकलीत,” मी म्हणाले. “एखाद्या म्हाताऱ्या कुत्रीची लावतात तशी. कोण नेणार, कुठे झोपणार, सगळं ठरलं. कुत्रीला विचारत नाहीत.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे! मला नीटाच्या तळघरात मरायचं नाही, मर्ल. वरून तिच्या चपलांचा आवाज ऐकत. रविवारी तिच्या सुनेच्या हातचं मीटलोफ खात आणि वा वा म्हणत. मला त्या गावात नाही राहायचं, ह्याही गावात नाही राहायचं. मला परत यायचंच नाहीये!”

हे माझ्या तोंडून निघेपर्यंत मला स्वतःला ठाऊक नव्हतं. खरं सांगते. मासातलानला जायचं ते मर्लच्या छातीसाठी, मी फक्त बरोबर, असंच मी सगळ्यांना सांगत होते आणि स्वतःलाही. फेब्रुवारीत आम्ही तिकडे तीन आठवडे राहून आलो. मी रोज सकाळी मर्ल उठायच्या आधी एकटी बाजारात जायचे. मासळीवाली मला ‘गुएरा’ म्हणायची, म्हणजे गोरटेली. वरच्या मजल्यावरच्या विधवा चायो मला हाताला धरून पायऱ्या उतरवायच्या, आणि मग कळलं की त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत. मी चुकीचे शब्द बोलायचे आणि बायका हसायच्या. मीही हसायचे. त्या अख्ख्या बाजारात मी कुणाचाही परवाना काढून घेतलेला नव्हता.

हे सगळं मी मर्लला सांगितलं. असंच, तुटक तुटक, मध्ये नाक पुसत. तो ऐकत होता. सीटवरची खसखस तो एकेक दाणा करून बोटाने उचलत होता.

“मला वाटलं तुला नको आहे ते सगळं,” तो म्हणाला. “रोज रडायचीस तू तिकडे. न्हाणीघरात.”

“ते तुझ्यासाठी रडत होते, शहाण्या. तुझा श्वास ऐकून.”

“असं.”

“आणि कार्ड असलं म्हणून राहावंच लागतं असं कुठे आहे? आवडलं नाही तर येईन परत. पण कार्ड नसलं तर निघावंच लागतं. एवढं साधं आहे. एवढं साधं तुला आणि लायलला आणि त्या कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांना कळत नाही.”

“लायलची बायको गेल्या साली वारली,” मर्ल म्हणाला. “आधी तीच वारली. त्याला तसा विचार करावाच लागला नाही.”

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, जसे मी लोकांना ठेवायला सांगायचे. किल्ली लावलेली नव्हती. मला वाईट वाटत होतं. त्या गाडीबद्दलसुद्धा. संध्याकाळी हा माणूस आता कुठे जाऊन बसणार, असं मनात आलं.

“शेजारचा डेलमर पिकअपच्या मागे लागलाय केव्हाचा,” शेवटी तो म्हणाला. “पेट्यांसकट घेईन म्हणतो. पाने तरी वापरात येतील.”

मी थर्मासचं झाकण घट्ट बसवलं. आता आभार मानले असते तर त्याला ते सहन झालं नसतं.

“वाजले किती?”

“बारा पंचवीस.”

“मग उतर खाली. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे.”

“तू बस, मी सांगून येते.”

“मुख्य अर्जदार मी आहे,” मर्ल म्हणाला आणि त्याने दार उघडलं.

ह्या वेळी तो चारदा थांबला. कुठेही टायर बघितला नाही, आकाश बघितलं नाही, नुसता थांबला आणि श्वास घेतला. मी सिलिंडर घ्यायला हात पुढे केला तर त्याने दिला. आत गेलो तेव्हा खिडकीसमोर एक जोडपं उभं होतं, त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर तारीख चुकली होती. पंधरा मिनिटं गेली. मर्ल बसायला तयार नव्हता. बसलो तर उठायला पुन्हा वेळ जाईल म्हणाला.

मिस बेल्त्राननी आम्हाला बघितलं आणि काहीही न विचारता खणातून कोरा अर्ज काढला. त्या खणात तो सगळ्यात वर होता.

“बदलायचाय,” मर्ल म्हणाला.

“हो. इथे उभं राहूनच लिहा. मी खिडकी बंद करत नाही.”

तो मोठ्या अक्षरांत लिहितो, एकेक अक्षर सुटं, शॉपमधल्या दुरुस्तीच्या कार्डावर लिहायची सवय. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट. मध्ये दोनदा पेन ठेवून काउंटरला धरून उभा राहिला. कुणी त्याला घाई केली नाही. ‘कायमचा’च्या चौकोनात त्याने फुली मारली, दोन्ही रेघा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खाली बायकोचं नाव लिहायची ओळ होती. तिथे त्याने माझं पूर्ण नाव लिहिलं, लग्नाआधीच्या आडनावासकट. ते त्याने शेवटचं कधी लिहिलं होतं, मला आठवत नाही.

मिस बेल्त्राननी जुना अर्ज बाजूला काढून त्याच्यावर आडवी रेघ मारली. भिंतीवरचं घड्याळ एकच्या पुढे गेलं होतं. शेजारच्या खिडक्यांची झाकणं एकेक करून खाली येत होती.

“वाहनाचं काय?” त्यांनी विचारलं. “इथे लिहावं लागतं.”

“वाहन नाही,” मर्ल म्हणाला.

त्यांनी ते लिहिलं. मग त्या मला म्हणाल्या, “मिसेस कुचेरा, इथे तुमची सही.” मी सही केली.

मर्ल अजून काउंटरला धरून उभा होता. त्याचं काम झालं होतं, पण तो हलला नाही.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“विचारा ना.”

“ती दोन वर्षं. हिची. ती कुठल्या दिवसापासून धरायची? आजपासून?”

मिस बेल्त्राननी माझ्याकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. ह्या वेळी त्यांनी खाली बघितलं नाही. “नाही, मिस्टर कुचेरा. आजपासून नाही. आधी तुमचं कार्ड होईल. मग तिकडे पोचल्यावर ह्यांचं. ह्यांचं कार्ड ज्या दिवशी होईल, त्या दिवसापासून.”

“म्हणजे आम्ही जितका उशीर करू तितकं ते पुढे जाणार.”

“हो.”

मर्लने मान हलवली. काउंटरवर त्याची बोटं हलत होती, महिने मोजत असावा. एकदा मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“मग तिकडच्या कार्डाची सगळ्यात लवकरची तारीख द्या,” तो म्हणाला. “सामान फार नाही आमचं. दोन वर्षं मी काढतो.”

मिस बेल्त्राननी कॅलेंडर जवळ ओढलं आणि पान उलटलं.